तिकडचंही खाऊन बघा

बीड जिल्ह्यातल्या तेलगाव, धारूर, वडवणी, माजलगाव या पट्ट्यातली पोरं-पोरी आता देशाबाहेर निघाली आहेत. कुणी शिकायला, कुणी दवाखान्यात नर्स म्हणून, कुणी आखातात वायरमन नाहीतर ड्रायव्हर म्हणून. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मनीचं नाव जास्तच कानावर येतं. व्हिसा कसा काढायचा, कर्ज कुठून घ्यायचं, एजंटला किती द्यायचे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्यापुढचं सांगायचं आहे. संध्याकाळी खोलीवर आल्यावर काय खायचं आणि सुट्टीच्या दिवशी कुठं जायचं, एवढंच.

विषय छोटा वाटेल. पण परदेशात माणूस खचतो तो याच दोन वेळांना. मी काही वर्षं स्टुटगार्टला होतो. तिथं डिसेंबरात साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. नव्यानं आलेली आपली मुलं काय करतात ते मी जवळून पाहिलं आहे. दार लावून घ्यायचं, भात लावायचा, गावाकडून आणलेली चटणी घ्यायची, मोबाईलवर गावाकडचे व्हिडिओ बघत जेवायचं आणि झोपायचं. पहिले पंधरा दिवस हे चालेल. अंगाला आणि मनाला रुळायला तेवढे लागतातच. पण हाच क्रम हिवाळाभर चालला की मुलगा अबोल होतो. कामावर कुणाच्या शेजारी डबा उघडत नाही. कुणाशी बोलत नाही म्हणून भाषा येत नाही, आणि भाषा येत नाही म्हणून बोलत नाही. यातून बाहेर काढणारं सगळ्यांत सोपं आणि स्वस्त काही असेल तर ते खाणं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती: आठवड्यातून एकदा तरी कधी न खाल्लेलं काहीतरी खा, आणि एकदा तरी कधी न गेलेल्या वाटेनं जा.

यावर पहिलं उत्तर येतं, "आपल्या भाकरीची सर कशालाच नाही." बरोबर आहे, मलाही नाही वाटत. पण त्या ताटाकडे जरा नीट बघा. ज्वारी मुळात आफ्रिकेतली. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी सुदानच्या पूर्व भागात माणसानं ती पेरायला सुरुवात केल्याचे पुरावे सापडले आहेत. ठेच्यातली मिरची मध्य अमेरिकेकडची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज इकडे आल्यानंतर, म्हणजे सोळाव्या शतकात, या गोष्टी आपल्या किनाऱ्याला लागल्या आणि हळूहळू बालाघाटाच्या डोंगरापर्यंत पोचल्या. एकादशीचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही तिकडचाच. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्या झाडाचं मूळही वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेच्या उष्ण भागातच मानतात. आपल्या कुठल्यातरी खापरपणजीनं हे सगळं पहिल्यांदा हातात घेतलं असेल, वास घेतला असेल आणि धीर करून चुलीवर टाकलं असेल. तो धीर तिनं केला म्हणून आज मिरचीवाचून आपलं पान हलत नाही. तुम्हाला तेवढाच धीर करायचा आहे, आणि तोही तयार ताटापुढे बसून.

स्टुटगार्टच्या भागात एक जेवण फार चालतं, ‘लिन्झेन मिट श्पेट्झले’. कामाच्या ठिकाणच्या कॅन्टीनमध्ये ते हमखास असतं. गव्हाच्या पिठात अंडी, मीठ आणि पाणी घालून सैलसर पीठ फेटायचं. ते ओल्या लाकडी फळीवर पसरायचं आणि सुरीनं झरझर बारीक पट्ट्या कापत उकळत्या पाण्यात सोडायच्या. वर तरंगल्या की काढायच्या. त्यांच्यासोबत अख्ख्या तपकिरी मसुराची दाट आमटी, आणि तिला आंबटपणा व्हिनेगरचा. कुणी आपल्याकडची वरणफळं खाल्ली असतील तर पहिल्या घासातच ओळख पटते, फक्त फोडणी नाही आणि आंबट जरा वेगळं लागतं. मी शेजारी बसलेल्या जर्मन बाईंना सांगितलं की आमच्याकडे असंच करतात, फक्त वरणातच शिजवतात. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि कागद काढला. मग आमचं अर्धा तास चाललं: किती पीठ, कुठली डाळ, गूळ कशाला, चिंच म्हणजे काय. माझं तेव्हाचं जर्मन अगदीच मोडकं होतं. त्या अर्ध्या तासात मी जेवढं बोललो तेवढं वर्गात महिन्यात बोललो नसेन.

या मसुराची एक गोष्ट आपल्या शेतकऱ्यांच्या पोरांनी मुद्दाम ऐकावी अशी आहे. स्टुटगार्टच्या दक्षिणेला श्वेबिश आल्ब नावाची डोंगरपट्टी आहे, चुनखडीची, उथळ मातीची. तिथं पूर्वी मसूर पिकायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर परवडेना म्हणून तो बंद पडला आणि गावरान वाणच नाहीसे झाले. १९८० च्या दशकात तिथल्या एका शेतकरी कुटुंबानं बाहेरचं बियाणं आणून पुन्हा मसूर लावायला सुरुवात केली. हरवलेलं जुनं वाण २००६ मध्ये सापडलं, तेही रशियात सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या बियाणं-संग्रहात. मूठभर बियांपासून ते वाढवत नेलं आणि आज तो मसूर तिकडच्या दुकानांत मानानं विकला जातो. मसुराची वेल लोळते म्हणून तिला आधाराला ओट किंवा सातू मिसळून पेरतात. मिसळीचं पीक कसं घ्यायचं हे ज्यानं लहानपणापासून बघितलंय, त्याला त्या डोंगरावरच्या शेतकऱ्याशी बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

आता धर्माची आणि पथ्याची गोष्ट. आपल्या भागात घरोघरी माळकरी आहेत, मुसलमान कुटुंबं आहेत. नवीन खा असं मी म्हणतो तेव्हा माळ काढा किंवा हराम-हलाल विसरा असं अजिबात म्हणत नाही. कुणी चेष्टा केली तरी आपलं व्रत सोडू नका. पण त्यासाठी माहिती हवी, आणि ती पहिल्या आठवड्यातच मिळवा. जर्मनीत ‘श्वाइन’ म्हणजे डुक्कर, ‘रिंट’ म्हणजे गाय-बैल, ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या चरबीचे तुकडे. मांस नको म्हटलं तरी बटाट्याच्या सॅलडमध्ये किंवा वर सांगितलेल्या मसुरात श्पेक असू शकतं, कारण पुष्कळांना ते मांसात धरायची सवय नाही. म्हणून "ओने फ्लाइश" एवढ्यावर थांबू नका, "ओने श्पेक" हेही विचारा. ‘मेट’ म्हणून पावावर पसरलेला गुलाबी खिमा दिसेल. ते डुकराचं कच्चं मांस आहे. रंगीत मऊ गोळ्यांत जिलेटिन असतं, काही केकांत रम असते. श्पेट्झलेत अंडं असतंच. विचारण्यात काही कमीपणा नाही. तिथल्या लोकांनाही कुणाला अंडं चालत नाही, कुणाला दूध सोसत नाही. युरोपात २०१४ पासून वावडं असणाऱ्या चौदा घटकांची माहिती गिऱ्हाईकाला देणं हॉटेलांनाही बंधनकारक आहे. त्यामुळे तुमच्या प्रश्नानं कुणी दचकणार नाही.

माळकऱ्यानं तर खुशाल फिरावं, एवढं आहे. राईची आंबट, काळसर पावरोटी घ्या. ‘क्वार्क’ नावाचा डबा घ्या. आपल्या चक्क्याच्या इतका जवळचा की साखर-वेलदोडा घालून आपली सगळी मंडळी त्याचं श्रीखंड करतात. कुठल्याही मोठ्या शहरात इथिओपियाचं एखादं हॉटेल शोधा. त्यांच्याकडे बुधवार-शुक्रवारी आणि इतरही अनेक दिवशी मांस, दूध, अंडं वर्ज्य असतं, त्यामुळे उपवासाचं ताट बारा महिने मिळतं. टेफ नावाच्या बारीक धान्याची, आंबवलेली, जाळीदार मोठी पोळी आणि तिच्यावर भाज्या, डाळी. त्यातलं ‘शिरो’ हे मुख्यतः हरभऱ्यासारख्या कडधान्याच्या पिठाचं, तिखट मसाला घालून घोटलेलं कालवण आहे. थोडक्यात पिठलंच. चमचा नसतो, हातानं पोळी मोडून खायचं, आणि एकाच ताटात सगळ्यांनी. बीड जिल्ह्यातल्या माणसानं तिथं बुजण्यासारखं काय आहे, मला तरी सांगा.

शनिवारी सकाळी शहराच्या चौकात बाजार भरतो. तिथं नक्की जा. वांगी-टोमॅटोच्या पलीकडे जी भाजी ओळखू येत नाही तिच्यापुढे उभं राहा आणि विचारा, "वी इस्ट मान दास?", म्हणजे हे कसं खातात? या एका वाक्यावर मी कितीतरी सकाळी काढल्या. बाजारवाली आजी सोलून तुकडा हातावर ठेवते, उकडायचं की कच्चं ते सांगते, तिच्या आईची पद्धत सांगते. एप्रिल ते २४ जूनपर्यंत पांढऱ्या ॲस्परॅगसचा हंगाम असतो, तेव्हा सगळं राज्य त्याच्याच मागे असतं. एकदा घेऊन बघा, मला स्वतःला विशेष वाटला नाही. रूबार्बचे देठ मात्र जरूर आणा. लालसर, कैरीसारखे आंबट, गूळ घालून शिजवले की पोळीशी छान लागतात. पानं फेकून द्यायची, ती विषारी असतात. जंगलातली अळिंबी किंवा रानलसूण स्वतः तोडून खाऊ नका. रानलसणीसारखीच दिसणारी विषारी पानं शेजारी उगवतात आणि दरवर्षी माणसं फसतात. धाडस बाजारापर्यंत, रानात जाणकाराबरोबरच.

पैशाचं बोलायलाच हवं, कारण आपली पोरं कर्ज काढून जातात, कुणाची जमीन गहाण असते. एक युरो म्हणजे शंभरेक रुपये, हा गुणाकार डोक्यातून जात नाही. तीन युरोचा पाव घेताना घरी आईनं दिवसभर केलेल्या खुरपणीची मजुरी आठवते. ही जाणीव चांगली आहे, ती राहू द्या. पण महिन्याचा हिशोब लिहिताना भाडं, विमा, हप्ता यांच्याखाली एक छोटी रक्कम ‘नवीन’ म्हणून लिहा. दहा युरो, पंधरा युरो, झेपेल तेवढी. ती वाचवायची नाही, खर्चच करायची. चैन म्हणून मी हे सांगत नाही. ज्या गावात राहायचं ते गाव ओळखीचं करून घ्यायला तेवढा खर्च येतोच, आणि तो औषधपाण्यापेक्षा कमी असतो.

फुकटातही पुष्कळ होतं. जर्मनीत पाण्याच्या, शीतपेयाच्या बाटलीवर अनामत रक्कम घेतात. एकदाच वापरायच्या बाटलीला २५ सेंट. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्राच्या गोल तोंडात आडवी घालायची, आत ती गरगर फिरते, यंत्र शिक्का वाचतं आणि शेवटी बटण दाबलं की पावती बाहेर येते. पहिल्यांदा मी बाटली चेपून नेली, यंत्रानं ती परत बाहेर ढकलली. मागे उभ्या असलेल्या शाळकरी पोरानं ती माझ्या हातातून घेतली, तोंड लावून फुंकली, टम्म फुगवून आत सारली आणि पावती माझ्या हातात दिली. अशा गोष्टींतूनच परकं शहर अंगवळणी पडतं.

स्टुटगार्टलाच जाणार असाल तर आणखी सांगतो. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. शहर डोंगराच्या खळग्यात आहे आणि उतारांवर द्राक्षाचे मळे अगदी वस्तीला लागून आहेत. त्या मळ्यांसाठी बांधलेल्या जुन्या पायऱ्यांच्या वाटा चारशेहून जास्त आहेत. सुट्टीच्या दिवशी त्यातली एक धरायची आणि वर जायचं. बाड कानश्टाट भागात खनिज पाण्याचे झरे आहेत आणि काही सार्वजनिक कारंजांवर ते पाणी कुणीही पिऊ शकतं. खारट, लोखंडाच्या वासाचं, थोडे बुडबुडे असलेलं. पहिला घोट नकोसा वाटेल. तिथली म्हातारी माणसं कॅन घेऊन येतात, रांगेत उभी राहतात, आणि रांगेत उभं राहिलं की गप्पा होतातच. उन्हाळ्यात उघडे जलतरण तलाव सुरू होतात. विहिरीत उडी मारून पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांनी तिथं जरूर जावं, पण उडी मारण्याआधी नियमांची पाटी वाचावी. देशभर लोकल आणि पॅसेंजर गाड्यांना चालणारं महिन्याचं तिकीट मे २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं. पुढे ते महाग झालं, तरी कामाला जायला ते काढलेलंच असेल तर रविवारी त्याच तिकिटावर कधी न ऐकलेल्या स्टेशनावर उतरायला जास्तीचा छदाम लागत नाही. रविवारी दुकानं बंद असतात, डबा बरोबर न्या.

जर्मनीचं मी जास्त बोललो कारण ते मला माहीत आहे. पण दुबईत खाडी ओलांडायला लाकडी होडी आहे, भाडं एक दिरहम. सुट्टीच्या दिवशी खोलीत पडून राहण्यापेक्षा तिच्यातून पलीकडे जा आणि इराणी भट्टीवरची गरम रोटी खा. लंडनला बसच्या एका भाड्यात तासभर कितीही बस बदलता येतात. वरच्या मजल्यावर पुढची जागा धरा आणि तास संपेपर्यंत शहर बघा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, सणाला तिथं जाच, पण बाकीचे दिवस शहराला द्या. जपानात भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, वेष्टन कुठून सोडायचं त्याचे १, २, ३ असे आकडेच छापलेले असतात; आंबट-खारट आलुबुखाराचा गोळा घ्या. शाकाहाऱ्यांनी मात्र तिथल्या रश्शापासून जपून राहावं, त्याचा बहुतेक वेळा आधारच सुक्या माशाचा असतो.

घरचं सोडू नका, हेही तितक्याच आग्रहानं सांगतो. सणाला, आजारपणात, मन उदास असेल त्या दिवशी पिठलं-भात करा आणि पोटभर खा. आणि दुसऱ्यांना खायला घाला. धपाटे जर्मन माणसाला आवडतात, मी शेकडो केले असतील. ठेचा मात्र बोटाच्या टोकाएवढाच द्या. मिरची भाजताना खिडकी उघडा, खोलीच्या छताला धुराचा अलार्म असतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या माणसांना परमुलुख नवा नाही. दसरा-दिवाळीला कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे, कर्नाटकात जायचं, पाचटाच्या खोपीत चार-पाच महिने काढायचे. ते जाणं पोटासाठी असतं आणि फार कष्टाचं असतं, त्याची तुलना कुणाच्या शिक्षणाच्या प्रवासाशी मी करणार नाही. पण तिथल्या तळावरही आपल्या बाया शेजारच्या गावच्या बाईकडून काहीतरी शिकून येतात आणि इकडे येऊन करतात. ज्यांच्याजवळ वेळ नव्हता, पैसा नव्हता, त्यांनीही हे केलं.

आता घरी राहणाऱ्या मायबापांसाठी. पोराचा फोन आला की तुमचा पहिला प्रश्न असतो, "भाकर भेटती का रे तिकडं?" प्रश्न मायेचा आहे, पण त्याला पोरगं काय उत्तर देणार? नाही म्हटलं तर तुम्ही रडणार, म्हणून ते ‘हो’ म्हणतं आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा, "या आठवड्यात नवीन काय खाल्लंस? कसं लागलं? कुणाबरोबर खाल्लंस?" मग बघा, कसं बोलायला लागतं. ते म्हणालं की जर्मनांबरोबर त्यांच्या घरी जेवलो, तर लगेच "काय काय होतं त्यात?" अशी उलटतपासणी घेऊ नका. ज्याला घरी सांगायची भीती वाटते ते पोरगं आधी खाण्याचं लपवतं, मग बाकीचंही लपवू लागतं. मुलगी असेल तर हे दुपटीनं लागू. तिनं एकटीनं गाडीत बसून एखादं गाव बघून आल्याचं सांगितलं, तर आधी तिला शाब्बास म्हणा, काळजीचं नंतर बोला.

बॅग भरताना येसर द्या, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं पीठ द्या. युरोपात जात असेल तर पेढे, खवा, तूप देऊ नका. बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथं बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. ताजी सीताफळं आणि कढीपत्ताही नको. आणि सहा महिने पुरेल एवढी चटणी तर मुळीच देऊ नका. महिना-दीड महिना पुरेल एवढी पुष्कळ झाली.

पहिल्या सुट्टीला तो गावी येईल तेव्हा एखाद्या दिवशी म्हणेल, आज मी करतो. त्याला करू द्या. धारूरच्या नाहीतर माजलगावच्या दुकानातून अख्खा मसूर आणा, व्हिनेगर नसेल तर लिंबू द्या. ओट्यावर पीठ सांडेल, पट्ट्या वेड्यावाकड्या पडतील, आमटीला तिखट नसेल. आजीसकट सगळ्यांनी जेवायला बसा आणि चांगले चार घास खाऊन बघा. नाही आवडलं तर तसं सांगा आणि वरून ठेचा घ्या, तिकडं त्यानंही तेच केलेलं असेल.